गुण कशाचे द्यायचे?

मागच्या एका निकालाच्या वेळची गोष्ट सांगतो. मुरबाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले गृहस्थ एसटीने कल्याणला आणि तिथून लोकलने उल्हासनगरला, असे करीत आमच्या कॉलेजात आले. मुलगा आमच्याकडे माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाला. हातात त्याची गुणपत्रिका, चार घड्या घातलेली. ती माझ्यापुढे उलगडून म्हणाले, "सर, हे काय आहे तेवढं समजावून सांगा. पोरगा म्हणतो पास आहे. पण खाली तर सात लिहिलंय. शंभरातले सात मिळाले तर पास कसा?"

हसण्यासारखा प्रश्न वाटेल. पण तो विचारणारा माणूस अडाणी नव्हता. गावच्या दूध सोसायटीचा हिशेब बरीच वर्षे पाहिलेला माणूस होता. चूक असेल तर ती आमची होती. ज्या मापाने आम्ही त्याच्या मुलाला मोजले, ते माप आम्ही त्याला कधी दाखवलेच नव्हते. पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे, आणि शेतकऱ्याने धान्य घेऊन परगावी जावे तर तिथे कोणत्या मापाने मोजतील याची त्याला धास्ती असे. १९५६ साली कायदा झाला, किलो आणि लिटर आले, आणि घेणाऱ्याला व देणाऱ्याला एकच माप ठाऊक झाले. कॉलेजातल्या गुणांचे माप मात्र अजून पुष्कळ घरांना परक्या गावच्या पायलीसारखेच वाटते. तेव्हा आज संगणकाच्या शिक्षणात गुण कसे देतात, गृहपाठाला किती किंमत असते, परीक्षा कशी होते आणि यात न्याय कुठे चुकतो, ते आपण पाहू.

आधी त्या 'सात'चा उलगडा करू. २०१६-१७ सालापासून मुंबई विद्यापीठाने दहा अंकांची श्रेणीपद्धत घेतली. तिच्यात तेव्हा ८० किंवा अधिक गुण मिळाले तर 'ओ' ही श्रेणी मिळे, म्हणजे १० अंक. ७० च्या वर 'ए प्लस', ९ अंक. ६० च्या वर 'ए', ८ अंक. ५५ ला 'बी प्लस', ७; ५० ला 'बी', ६; ४५ ला 'सी', ५; ४० ला 'डी', ४. चाळिसाच्या खाली 'एफ', म्हणजे नापास आणि अंक शून्य.

आता सगळ्या विषयांची मिळून सरासरी काढायची. पण सगळे विषय सारख्या वजनाचे नसतात. प्रत्येक विषयाला त्याच्या कामाच्या मानाने काही श्रेयांक ठरवलेले असतात. मुले त्यांना क्रेडिट म्हणतात. त्या गृहस्थांना मी शेताचाच दाखला दिला. म्हटले, "समजा, तुमचं चार एकरांचं एक शेत आहे, त्यात एकरी आठ पोती भात झालं. दुसरं दोन एकरांचं, त्यात एकरी पाच पोती. तर सरासरी एकरी किती पडलं?" त्यांनी क्षणभरच डोळे मिटले आणि म्हणाले, "सात. बत्तीस आणि दहा, बेचाळीस. भागिले सहा." बरोबर! आठ आणि पाच यांची नुसती सरासरी काढली असती तर साडेसहा आली असती, पण मोठ्या शेताचे वजन जास्त. चार श्रेयांकांच्या विषयात 'ए' आणि दोन श्रेयांकांच्या विषयात 'सी' मिळवणाऱ्या मुलाची सरासरीही अशीच सात येते, आणि ती दहापैकी असते. गृहस्थांचा चेहरा खुलला. पण उठता उठता त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि आजचे माझे सगळे बोलणे त्या प्रश्नावरच आहे. ते म्हणाले, "मग सर, पोरगा रात्ररात्र बसून त्या जाडजूड वह्या लिहीत होता, त्याचे किती मिळाले?"

त्या वह्या म्हणजे जर्नल. विज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हा शब्द ठाऊक असतो. प्रयोगशाळेत जे प्रयोग केले ते स्वच्छ अक्षरात लिहायचे, प्राध्यापकांची सही घ्यायची, आणि वर्षअखेरीस ती वही प्रमाणित करून घ्यायची. संगणकाच्या विद्यार्थ्याचा प्रयोग म्हणजे प्रोग्राम. २०१६-१७ च्या अभ्यासक्रमात गुणांची वाटणी अशी होती. प्रत्येक विषयाची लेखी परीक्षा १०० गुणांची. त्यातले ७५ सत्राच्या शेवटच्या पेपराला आणि २५ कॉलेजातल्या अंतर्गत मूल्यमापनाला. या २५ पैकी २० एका चाचणीचे आणि ५ वर्गातल्या सहभागाचे. प्रात्यक्षिक परीक्षा ५० गुणांची. त्यात ४० गुण परीक्षेच्या दिवशी समोर बसून केलेल्या कामाला, ५ तोंडी परीक्षेला आणि ५ जर्नलला.

म्हणजे सहा महिन्यांच्या गृहपाठाला पन्नासांपैकी पाच! पण गंमत पुढेच आहे. प्रमाणित जर्नल हातात असल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसताच येत नसे. गुण पाच, पण दाराची कडी तीच. एखादी गोष्ट करून फारसे काही मिळत नाही, पण केली नाही तर सगळे अडते, असे झाले की माणूस काय करतो? ती उरकतो. प्रात्यक्षिकाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जिन्यावर, कँटीनमध्ये, फलाटावरच्या बाकावर मुले एकमेकांची जर्नले मांडीवर घेऊन उतरवून काढताना मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. अक्षर सुंदर, समासाची लाल रेघ सरळ, आणि डोक्यात एक ओळही शिरलेली नाही. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून अभ्यासक्रमांचे आराखडे पुन्हा बदलले, आकडे बदलले. पण शेवटची परीक्षा, वर्गातली चाचणी, प्रात्यक्षिक आणि गृहपाठ हे तुकडे राहिलेच, आणि त्यांतला प्रश्नही राहिला.

शेवटच्या परीक्षेचे एवढे वजन का, याला इतिहास आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवण्याचे काम कॉलेजांचे, आणि विद्यापीठाचे मुख्य काम परीक्षा घेऊन पदवी देणे. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच. ती घडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की शिकणे म्हणजे परीक्षेची तयारी, असेच आपण धरून चालतो.

पण संगणकाचे शिकणे जरा वेगळे आहे. प्रोग्राम म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुमच्या गावातल्या दूध संकलन केंद्रात तुम्ही दूध घालता. यंत्र लिटर मोजते, फॅट मोजते आणि एक चिठ्ठी बाहेर येते: इतके लिटर, इतकी फॅट, इतका दर, इतके पैसे. तो हिशेब यंत्राला आपोआप येत नाही. कोणीतरी त्याला एकेक पायरी लिहून दिलेली असते. आधी लिटर घे. मग फॅट घे. फॅट अमुक पेक्षा कमी असेल तर हा दर लाव, नसेल तर तो. मग गुणाकार कर आणि छाप. या लिहून दिलेल्या पायऱ्या म्हणजेच प्रोग्राम. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच गृहपाठ देतो, कारण निम्म्या मुलांच्या घरी नाहीतर मामाच्या घरी ती चिठ्ठी रोज येते.

आता याला दहापैकी गुण कसे द्यायचे? नवखा शिक्षक काय करतो, प्रोग्राम चालवून बघतो. चालला तर दहा, नाही चालला तर शून्य. हे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. समजा मी मुलांना सांगितले की फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर लिटरमागे एक रुपया कमी द्या. एका मुलाने 'पेक्षा कमी' याऐवजी 'तेवढी किंवा कमी' असे लिहिले. प्रोग्राम झकास चालतो, चिठ्ठी छापतो. पण ज्या शेतकऱ्याची फॅट बरोबर ३.५ आली त्याचे दहा लिटरमागे दहा रुपये गेले, आणि ते रोज जातील. दुसऱ्या एका मुलीने सगळा विचार नेमका केला, पण एका ठिकाणी अर्धविराम द्यायचा राहिला, म्हणून यंत्राने तिचा प्रोग्राम घेतलाच नाही. पहिल्याला दहा आणि दुसरीला शून्य द्यायचे का?

म्हणून मी दहा गुण चार वाट्यांत विभागतो आणि ती वाटणी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देतो. तीन गुण विचाराला, म्हणजे पायऱ्या योग्य क्रमाने लावल्या आहेत का. चार गुण नेहमीच्या प्रसंगी हिशेब बरोबर येतो का, याला. दोन गुण काठावरच्या प्रसंगांना: फॅट नेमकी ३.५ असली तर, दूध शून्य लिटर असले तर, कोणी टिंब विसरून ३.५ च्या जागी ३५ दाबले तर काय होते? आणि एक गुण, दुसऱ्याला वाचून कळेल असे लिहिले आहे का, याला. पहिल्या मुलाला आठ-नऊ मिळतील, पण कुठे चुकला ते कळेल. दुसरीला पाच-सहा मिळतील, आणि अर्धविराम घालून दुसऱ्या दिवशी आणले तर उरलेलेही मिळतील. लेखी पेपरात तर यंत्रही नसते. कागदावर पेनाने प्रोग्राम लिहायचा असतो. तिथे एखाद्या टिंबासाठी गुण कापणे मला पटत नाही. कागदावर विचार तपासावा, टिंबे तपासायला यंत्र आहे.

यंत्राने तपासायची कल्पना आजची नाही. १९६० साली अमेरिकेतल्या रेन्सेलर या तंत्रशिक्षण संस्थेत जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्राम संगणकाकडूनच तपासून घेतले होते. तेव्हा प्रोग्राम भोके पाडलेल्या कार्डांवर असत. त्याच साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बांधलेला संगणक कामाला लागला होता. म्हणजे या विद्येचे आणि तिच्यातल्या परीक्षेचे वय जवळजवळ एकच! यंत्र थकत नाही, साठ वह्यांनंतर चिडत नाही, ओळखीच्या मुलाला झुकते माप देत नाही. पण त्याला विचारलेले तेवढेच ते सांगते. प्रोग्राम चालला का, हे सांगेल. तो कोणी लिहिला, हे सांगणार नाही.

आणि इथेच माझी एक चूक मला तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली होती. जर्नले तपासताना दोन जर्नलांत एक प्रोग्राम मला शब्दशः सारखा दिसला. इतका सारखा, की 'टोटल' या शब्दाच्या स्पेलिंगातली चूकसुद्धा दोघांत एकच. एक मुलगा अंबरनाथचा, एक मुलगी वांगणीच्या पुढून येणारी. मी दोघांना बोलावले, चार कडक शब्द सुनावले आणि दोन्ही जर्नलांवर सही करायचे नाकारले. मुलगा भांडला, रडकुंडीला आला, वडिलांना घेऊन आला. मुलगी काहीच बोलली नाही. मान खाली घालून वही उचलून गेली. मला वाटले, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसली.

चौथ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेतले सहायक मला सहज म्हणाले, "सर, त्या पोरीला ओरडलात होय? ती बिचारी रोज सकाळी मी कुलूप उघडायच्या आधी दारात उभी असते." मी चमकलो. तिला बोलावून घेतले आणि विचारले, "हा प्रोग्राम मला ओळ-ओळ समजावून दे." तिने दिला. मधली एक अट बदलायला सांगितली, तीही तिने उभ्या-उभ्या बदलली. मग तिने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. तिच्या घरी संगणक नव्हता. गाडीत बसायला जागा मिळाली की ती पेन्सिलीने प्रोग्राम लिहायची. मग सकाळी लवकर येऊन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तो चालवून बघायची. त्या वहीत हाच प्रोग्राम चार वेळा लिहिला होता, तीन वेळा खोडला होता. समासात गाडीच्या हादऱ्यांनी वेड्यावाकड्या झालेल्या बेरजा होत्या. 'टोटल'ची ती चूकही पहिल्या पानापासून होती. तिची फाइल यंत्रावर तशीच राहिली, आणि पुढच्या तुकडीतल्या त्या मुलाने ती उचलली होती.

"मग तू त्याच दिवशी का नाही बोललीस?" मी विचारले. ती म्हणाली, "सर, ही वही खराब आहे. खाडाखोड आहे सगळी. दाखवायची लाज वाटली."

श्रोते हो, त्या वाक्याने मला जे शिकवले ते कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. मी सही दिली नसती तर ती परीक्षेला मुकली असती, आणि कदाचित घरचे म्हणाले असते, पुरे झाले शिक्षण. तिच्या शिकण्याचा खरा पुरावा त्या खराब वहीत होता, आणि आम्ही गुण देत होतो ते स्वच्छ उतरवलेल्या जर्नलला. शाळेपासून आपण मुलांना सांगत आलो की खाडाखोड करू नका, गुण जातील. तिने ते ऐकले होते. मी सही केली आणि वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. त्या मुलाला माझ्यासमोर बसवून दुसरा प्रोग्राम लिहायला दिला. दोन तास झगडून त्याने तो लिहिला, आणि मग त्यालाही सही दिली. त्याचेही वर्ष बुडवून मला काय मिळणार होते?

आमच्या उल्हासनगरची एक जुनी थट्टा तुमच्यापैकी कित्येकांनी ऐकली असेल. इथल्या बाजारातल्या मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप असतो, त्यातले यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', अशी ती थट्टा. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व टाकून आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि त्या माणसांनी शून्यातून धंदे उभे केले. मी मुलांना सांगतो, थट्टा राहू द्या, पण एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशी वस्तूसारखी वस्तू करणाऱ्या कारागिराला आधी ती वस्तू खोलावी लागली, तिचा प्रत्येक स्क्रू समजून घ्यावा लागला. त्या नकलेत शिक्षण होते. संगणकावर दोन कळा दाबून जी नक्कल होते तिच्यात तेवढेही नाही.

नक्कल ओळखायलाही आता यंत्रे आहेत. अमेरिकेत १९९४ साली 'मॉस' नावाची एक व्यवस्था तयार झाली. मुलांनी नावे बदलली, ओळी मागेपुढे केल्या, तरी दोन प्रोग्रामांचा सांगाडा सारखा आहे की काय, हे ती सांगते. पण माझ्या त्या दोन जर्नलांचे काय झाले असते? तिने एवढेच सांगितले असते की दोन्ही सारखी आहेत. कोणी गाडीत बसून लिहिले आणि कोणी उचलले, हे शोधायला माणसानेच प्रश्न विचारावा लागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि आता तर उचलायला शेजाऱ्याची फाइलही लागत नाही. प्रश्न टाकला की प्रोग्राम तयार, तोही स्पेलिंगची चूक न करता. पुष्कळ शिक्षक घाबरून म्हणतात, गृहपाठ बंदच करा, सगळे गुण परीक्षेला द्या. मला ते पटत नाही. विहिरीत उतरल्याशिवाय पोहणे येत नाही, तसा स्वतः चुकल्याशिवाय प्रोग्राम लिहिता येत नाही. गृहपाठ ही ती विहीर आहे. मोजमाप करायचे असेल तर ते वेगळे करावे. गृहपाठाचे काम शिकवण्याचे, परीक्षेचे काम मोजण्याचे. जर्नलला आपण दोन्ही कामांना जुंपले, म्हणून मुले ते उतरवू लागली.

त्या प्रसंगानंतर मी माझ्या हाती जेवढे होते तेवढे बदलले. विद्यापीठाचे नियम मी बदलू शकत नाही, पण वर्गातले काही गुण शिक्षकाच्या हाती असतात. त्यांचे नियम मी असे केले.

पहिला नियम, कच्ची वही दाखवल्याशिवाय पक्के जर्नल तपासले जाणार नाही. कच्च्या वहीत खाडाखोड असलीच पाहिजे. एकही खाडाखोड नसेल तर मी संशयाने बघतो.

दुसरा, प्रत्येक गृहपाठावर दोन मिनिटांचा तोंडी प्रश्न. "ही ओळ काढली तर काय होईल?" "दर दोनाऐवजी तीन प्रकारचे केले तर कुठे बदल करशील?" मदत कोणाचीही घेतलेली असो, मित्राची, दादाची की यंत्राची, ती वहीत नोंदवायची आणि या प्रश्नाचे उत्तर स्वतः द्यायचे. साठ मुलांना दोन-दोन मिनिटे म्हणजे दोन तास होतात. तेवढेच दोन तास मी पूर्वी सह्या करण्यात घालवत होतो.

तिसरा नियम उशिराचा. प्रत्येक सत्रात प्रत्येकाला तीन दिवस उशिराची मुभा, कारण विचारले जाणार नाही. परदेशातल्या कित्येक विद्यापीठांत ही चाल आहे. आमच्याकडे तर तिची जास्त गरज आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले, हे तुम्हाला आठवत असेल. त्या बाजूने येणाऱ्या मुलाने पावसाळ्यात वेळेवर वही आणली नाही तर त्याला खोटे कारण रचायला का लावायचे? तीन दिवस संपले की मात्र रोज एक गुण कमी.

चौथा नियम मी हार्वर्ड विद्यापीठाकडून घेतला. तिथल्या 'सीएस फिफ्टी' या गाजलेल्या अभ्यासक्रमात २०१४ साली एक कलम घातले गेले: ज्याने नक्कल केली तो बहात्तर तासांच्या आत आपण होऊन सांगेल, तर त्या कामाचे गुण जातील, पण प्रकरण वर शिस्तीच्या मंडळापर्यंत जाणार नाही. आमच्याकडे मी एक आठवडा देतो. पहिल्या वर्षी कोणी आले नाही. दुसऱ्या वर्षी दोघे आले. शिक्षा टळली याचा आनंद त्यांना होताच, पण समोर बसून पुन्हा शिकायला मिळाले, याचा मला जास्त झाला.

आणि शेवटचा, सगळे नियम पहिल्या दिवशी सांगायचे, मध्येच बदलायचे नाहीत. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम लागू केली आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल कित्येक महिने लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. पडद्यावर तपासणे ही गोष्ट वाईट नव्हती. तयारी पुरी होण्याआधी माप बदलले, याचा त्रास मुलांना झाला. हाच धडा साठ मुलांच्या वर्गालाही लागू आहे.

हे सगळे करून निकाल एकदम वाढला, असे मी म्हणणार नाही. कच्ची वहीसुद्धा एकमेकांची पाहून लिहिणारे एक-दोन बहाद्दर निघालेच! खोटी खाडाखोड करायलाही डोके लागते, म्हणून मी त्यांना हसून सोडले, आणि मग तोंडी प्रश्नात धरले. विषय राहून एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाणारी मुलेही आहेत. पण जिन्यावर बसून जर्नल उतरवणारी मुले आता कमी दिसतात, आणि सकाळी कुलूप उघडायची वाट पाहणारी थोडी वाढली आहेत.

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत संगणक असेल वा नसेल, ही गोष्ट गणिताच्या वहीलाही लागू आहे. वही तपासताना खोडलेल्या ओळीवर एकदा थांबून बघा. मूल कुठे अडखळले आणि कुठून परत फिरले, ते तिथेच लिहिलेले असते. त्याला एक गुण देऊन पाहा.

आणि पालकांनो, त्या मुरबाडच्या गृहस्थांना मी जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. त्यांना म्हटले, "वह्यांचे गुण पाच. पण त्याने दूध सोसायटीच्या चिठ्ठीचा प्रोग्राम केला आहे. घरी गेल्यावर तो मांडीवर घेऊन बसा आणि त्याला विचारा, फॅट नेमकी साडेतीन आली तर आपल्याला कोणता दर मिळेल?" गृहस्थांनी गुणपत्रिकेची पुन्हा चार घड्यांची घडी केली आणि म्हणाले, "ते विचारतोच. आमच्या म्हशीची साडेतीनावर नसते, पण गायीची पुष्कळदा येते."